जुनी नाणी, पितळी टोकनं आणि ॲसिटोनची बाटली: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग तपशील. नाणी साफ करायला म्हणून जे काही जमवलं, त्यातल्या ॲसिटोनला आणि डिस्टिल्ड वॉटरला पैकीच्या पैकी गुण. लिक्विड पॅराफिन उत्तम, पण अंगी सबुरी हवी. मेणाचा डबा चांगला, पण महाग, आणि तो सगळ्यांना लागेलच असं नाही. फायबरग्लासचा ब्रश घेऊच नका, तो तांब्यावर ओरखडे काढतो.

हे सगळं घरात आलं ते सासऱ्यांच्या डब्यासाठी. डब्यात थोड्या शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), ईस्ट इंडिया कंपनीचे पाव आणे, 1943 ते 47 मधले भोकाचे पैसे, लक्ष्मीपूजनाच्या तबकातले राणीछाप रुपये आणि बँकेत पैसे काढायला गेलं की हातात पडायची तसली पितळी टोकनं. घरात सगळ्यांचं एकच मत: चिंच लाव, लख्ख होतील. होतात ना लख्ख, तेच तर दुखणं आहे. मळाबरोबर तांब्यावरचा काळपट तपकिरी थरही जातो, आणि तो थरच खालचा धातू राखत असतो. पितळ आम्लात घातलं की वरवरचं जस्त निघून जातं आणि टोकनावर गुलाबी डाग उमटतात. भांडी उजळायची पावडर घासली तर ती वर आकड्यांच्या खाचांत पांढरी होऊन बसते. जुन्या बाजारात असली चकचकीत नाणी ढिगाने मिळतात, पण जाणकार माणूस ती हातातसुद्धा घेत नाही.

ॲसिटोनचं काम नीट समजून घ्या. ते धातूला हात लावत नाही, काळपटपणाही काढत नाही. फक्त तेलकट, चिकट, डिंकासारखं जे वर बसलंय ते विरघळवतं. आमच्या राणीछाप रुपयांवर वर्षानुवर्षांच्या पूजेची हळद होती. कुंकू आणि पंचामृताचा चिकटा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून निघाला, हळद मात्र राणीच्या केसांच्या रेघांत तशीच. रुपया काचेच्या वाटीत ॲसिटोनमध्ये सोडला आणि बघता बघता पाणी केशरी दुधासारखं पिवळं झालं. ते ओतून ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा एकदा बुडवायचं, नाहीतर सुटलेला मळ वाळताना परत नाण्यावरच बसतो.

दुसरा फायदा जुन्या अल्बमवाल्यांना. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या कप्प्यांत ठेवलेल्या नाण्यांवर हिरवट चिकट पापुद्रा धरतो. तो ताजा असेल तर ॲसिटोनने जातो. धातूत मुरला असेल तर खाली खड्डे दिसतात आणि त्यावर इलाज नाही. अल्बम फेकून द्या, मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या.

सावधगिरी: नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे ॲसिटोन नव्हे, त्यात तेल, रंग, सुगंध असतो. शुद्ध ॲसिटोन प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. भांडं काचेचंच हवं, थर्माकोलचा पेला क्षणात वितळतो. गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती, काही जवळ नको. मी गॅलरीत बसते. आणि टोकनांचे आकडे लाल-काळ्या रंगाने भरलेले असतील किंवा वर लाखेसारखा थर असेल तर ती वाटीत टाकूच नका. रंगही निघून जाईल.

मातीसाठी लिक्विड पॅराफिन, औषधाच्या दुकानात मिळतं तेच. परदेशातले संग्राहक ऑलिव्ह तेल सुचवतात, पण त्यात थोडं आम्ल असतं आणि नाणं काळवंडतं. पॅराफिन निरुपद्रवी, फक्त संथ. एक दुदांडी शिवराई, म्हणजे अक्षरांच्या मधोमध दोन आडव्या रेघा असलेली, आठवडेच्या आठवडे बुडून होती. अधूनमधून बाहेर काढायची, भिंगाखाली धरायची आणि बांबूच्या टूथपिकने दोन आडव्या रेघांमधली माती उकरायची. काडी मऊ पडली की नवी घ्यायची. सुई, टाचणी अजिबात नको. तिच्या एका बाजूला 'छत्र पति' असतं. शेवटी 'पति'मधली वेलांटी मोकळी झाली; 'छत्र' अर्धंच आहे, पण तो मळाचा दोष नाही. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून शिवराईवर अक्षरं मुळातच अपुरी पडतात. तेल उतरवायला पुन्हा ॲसिटोन.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. एका पाव आण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसू लागली; काडीने झाडली तरी चार दिवसांत परत. गडद, घट्ट हिरवा थर असेल तर घाबरू नका, तो नाण्याचं वय आहे. ही भुकटी मात्र रोग: धातूतले क्लोराइड आणि हवेतला दमटपणा मिळून तांबं आतून खातात. अशी नाणी आधी वेगळी काढायची. मग खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून त्यात भिजवायची आणि दर आठवड्याला पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते इथे चालणार नाही. रंग थोडा बदलतो, हे कबूल करूनच हात घालावा. आमचा पाव आणा अजून त्याच पाण्यात आहे. बाकीची सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात.

दमट हवेपासून नाणी जपायला मेण, ते रेनेसाँ वॅक्सचं घेतलं. ते मुळात ब्रिटिश म्युझियममधल्या संशोधनातून आलेलं. शिवरायांवर अगदी पातळ हात फिरवला, पावसाळाभर काही झालं नाही. चांदीच्या रुपयांना लावलं नाही, आणि ॲल्युमिनियमची फॉइल आणि सोड्याच्या पाण्यात चांदी बुडवायचा इंटरनेटवर गाजलेला प्रयोगही केला नाही. त्याने काळेपणा जातो खरा, पण रुपया पांढराफटक, निर्जीव दिसतो. लिलावात कोणी त्याला मूळ अवस्थेतला म्हणणार नाही. ॲल्युमिनियमच्या एक-दोन-तीन पैशांना तर सोडा लावूच नका, धातूच झिजतो.

वाळवताना टिपायचं, पुसायचं नाही. मऊ फडक्यानेही बारीक रेघा उठतात, उन्हात तिरपं धरलं की दिसतात. नाणं कडेने धरायचं.

खर्च म्हणाल तर मेण सोडून बाकी सगळं काही शे रुपयांत बसलं. मोजकीच नाणी असतील तर मेणाच्या वाटेला जाऊ नका, त्या पैशांत दहापट मोठं करणारं चांगलं भिंग घ्या. नाणं दुर्मिळ वाटत असेल तर साफ न करता आधी जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, तिथे एक चक्कर मारली तरी नजर तयार होते.