जेवणानंतर तोंडात काय टाकावं: सुपारी की शुगर-फ्री च्युइंगम?

लाळ दोन्हींनी सुटते, आणि सुपारी खाणारे नेमकं हेच पुढे करतात. फरक पडतो तो त्यानंतर.

जेवल्यावर दातांवरचे जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचं माप; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. च्युइंगम चघळताना लाळेचा प्रवाह सुरुवातीला १० पटीपर्यंत वाढू शकतो. या लाळेत बायकार्बोनेट जास्त असल्याने आम्लाचा जोर लवकर ओसरतो, आणि तिच्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट दातांच्या कामी येतं. साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ घातलेलं असेल तर उत्तम, कारण कीड लावणाऱ्या जिवाणूंना त्यापासून आम्ल बनवता येत नाही. २० मिनिटं चघळलं तरी पुरे. जबड्याचा सांधा दुखत असेल तर मात्र नको. घरात कुत्रा असेल तर पाकीट त्याच्यापासून लांब ठेवा. झायलिटॉल त्याला विषारी असतं.

सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठ होतं. तिखट झोंबायला लागतं, मग तोंडच पुरतं उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी, तंबाखूशिवायसुद्धा, कर्करोगकारक असल्याचं २००४ मध्येच जाहीर केलं. ‘आमच्या सुपारीत तंबाखू नाही’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे. लग्नाच्या पंगतीत मुलांच्या हाती गोड सुपारीची पुडी देणाऱ्या मोठ्यांनी हे कृपा करून ऐकावं.

सुपारी सोडताना तोंडाला चाळा लागतोच, तिथे च्युइंगम उपयोगी पडतं. ब्रश दोन वेळा हवाच. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल तर दंतवैद्याला लगेच दाखवा.