स्लाइडच्या फेरतपासणीची सेवा: एका गाठीच्या निमित्ताने

धाकट्या भावाच्या कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला, जेमतेम तीन आठवड्यांत सुपारीएवढी गाठ वाढली. ती काढल्यावर स्थानिक प्रयोगशाळेने अहवालात सारकोमाची, म्हणजे स्नायू, चरबी, हाडे अशा ऊतींच्या कर्करोगाची, शक्यता नोंदवली, तेव्हा आमच्या सर्जननी पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेची घाई न करता पुण्यातील एका पॅथॉलॉजी केंद्राकडून फेरतपासणी करून घ्यायला सांगितले.

सुरुवात काही चांगली झाली नाही. फोनवर ‘स्लाइड (गाठीचा पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या) घेऊन या’ एवढेच सांगितले होते. पॅराफिनचे ब्लॉकही, म्हणजे गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळेही, लागतात हे खिडकीपाशी पोहोचल्यावर कळले आणि साताऱ्याची एक फेरी फुकट गेली. चार दिवसांत मिळणारा अहवाल नवव्या दिवशी हाती आला.

मात्र पॅथॉलॉजिस्ट बाईंनी दिलेल्या वेळाला तोड नाही. दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकाशी त्यांनी भावाला बसवले. त्याने विचारले, “डॉक्टर, पेशी इतक्या भराभर विभागतायत, म्हणजे कर्करोगच ना?” त्या म्हणाल्या, “नुसत्या वेगावर जाऊ नका. विभाजन कसं होतंय ते बघा.” विभाजने पुष्कळ असली तरी विकृत नव्हती, लांबट पेशी विरळ पसरलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये तांबड्या पेशी झिरपलेल्या दिसत होत्या. हा नोड्युलर फॅसायटिस, म्हणजे कर्करोग नसलेली, निरुपद्रवी गाठ. 1955 मध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले तेव्हा त्याला सारकोमासारखा भासणारा विकार असेच म्हटले गेले होते, आणि आजही केवळ झपाट्याने वाढल्यामुळे तो भल्याभल्यांना चकवतो. निदान पक्के करण्यासाठी त्यांनी यूएसपी6 जनुकाची फिश चाचणी (जनुकात झालेला बदल चमकत्या रंगांनी दाखवणारी तपासणी) सुचवली. या गाठींत हे जनुक बहुधा दुसऱ्या जनुकाशी, बरेचदा एमवायएच9 शी, जोडले गेलेले असते, हे 2011 मध्ये उघड झाले. चाचणीचे पैसे वेगळे पडले, याची कल्पना आधी दिली असती तर बरे झाले असते.

फिशचा निकाल निदानाला दुजोरा देणारा आला. ही गाठ बहुतांशी परत येत नाही आणि शरीरात पसरत नाही, त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया टळली. सर्जननी फक्त अधूनमधून दाखवायला सांगितले आहे.

पाचपैकी चार गुण. एक गुण खिडकीवरील माहितीच्या दुष्काळासाठी कापला आहे. ब्लॉक आणि स्लाइड मात्र क्रमांक तपासून, कापसात नीट गुंडाळून, पोचपावतीसह परत मिळाल्या.