स्टुडंट मायक्रोस्कोप: १२०० एक्स विसरा, त्या दोन काळ्या फिल्मसाठी घ्या

मुलीसाठी म्हणून मागवला, वापरतोय मीच जास्त. आधी वाईट ते सांगून टाकतो. बॉक्सवर १२०० एक्स छापलंय त्यावर जाऊ नका, ४०० च्या पुढे नुसतं धूसर, फोकसचा नॉब हात सोडला की आपोआप खाली सरकतो, आणि तयार स्लाइडमधे 'कांद्याची साल' म्हणून जे दिलंय ते नक्की काय आहे देव जाणे. आरसा बरा आहे. एलईडी पिवळट.

पण बॉक्सच्या तळाशी दोन काळपट प्लॅस्टिकचे चौकोन येतात, मॅन्युअलमधे त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही, बाकी रिव्ह्यूंमधे पण कोणी लिहिलेलं दिसलं नाही, त्या पोलरायझिंग फिल्म आहेत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या, फेकू नका!! एक स्टेजखाली लाइटवर ठेवायची, दुसरी आयपीसवर, आणि वरची फिरवत जायची सगळं काळं होईपर्यंत. मग देवघरातल्या वातीचा कापूस घ्या, अगदी चिमूटभर, मोकळा करून पाण्याच्या थेंबात. काळ्यावर तंतू असे झगझगीत उठून दिसतात की बास. नीट बघितलं तर ते गोल नाहीत, चपटे आहेत आणि मधे मधे पीळ पडलेला आहे.

ही चमक सेल्युलोजची, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांची. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी, सरकीच्या सालीवरची, ती वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर होते आणि मग भिंतीला आतून सेल्युलोजचे थर देत बसते. बोंड फुटून तंतू सुकला की आतली पोकळी बसते, म्हणून तो पीळ. थर देणारी यंत्रं पेशीच्या पातळ पटलातच बसलेली असतात, प्रोटीनची, सहा भाग गोलात मांडलेली, रोझेट म्हणतात त्याला. आतल्या बाजूने ग्लुकोज घ्यायचं, जोडत जायचं आणि साखळ्या बाहेर सोडायच्या, बहुतेक १८ एकदम, चकलीच्या सोऱ्यासारखं, फक्त इथे सोऱ्याच बाहेर पडणाऱ्या धाग्याच्या रेट्याने पुढे सरकत जातो. कुठल्या दिशेने सरकायचं ते पटलाखालच्या बारीक नळ्या ठरवतात, मायक्रोट्यूब्यूल. २००६ मधे अमेरिकेत अराबिडोप्सिस नावाच्या छोट्या रोपात यंत्रांना चमकणारं प्रोटीन जोडून हे सरकणं जिवंत पेशीत बघितलं गेलं. वेग मिनिटाला साधारण ३०० नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जायला दोन दिवसांहून जास्त!

हे रोझेट जेमतेम २५ नॅनोमीटरचं, साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला २०० च्या खालचं वेगळं दिसतच नाही, तेव्हा कोणी विक्रेता 'पेशीतलं सगळं दिसेल' म्हणाला तर हसून सोडून द्या. या फिल्ममधून यंत्र दिसत नाही, त्याने केलेलं काम दिसतं. साखळ्या एकमेकींना चिकटून एका दिशेत शिस्तीत बसलेल्या असतात म्हणून प्रकाश त्यातून बदलून बाहेर येतो, भिंत वेडीवाकडी भरली असती तर काळंच राहिलं असतं.

'१००% कॉटन' लिहिलेल्या कुर्त्याचा धागा उसवून बघा, मजा आहे. पॉलिस्टर पण चमकतं, फसू नका, पण ते सरळ गुळगुळीत काडीसारखं असतं आणि स्लाइड फिरवली की एका जागी पूर्ण विझतं. कापूस तसा पूर्ण विझत नाही कारण त्यातले सेल्युलोजचे धागे मळसूत्री वळसे घेत जातात आणि अधूनमधून वळशाची दिशाच उलटते. माझ्या एका कुर्त्यात दोन्ही निघाले, दुकानाचं नाव लिहीत नाही.

बटाटा कापून सुरीवरचं पाणी पण बघा, स्टार्चच्या प्रत्येक दाण्यावर काळी फुली दिसते. तेही ग्लुकोजच, फक्त जोडणी वेगळ्या पद्धतीची, म्हणून बटाटा आपल्याला पचतो आणि कापूस नाही. मुलीला कापसापेक्षा हेच जास्त आवडलं.

पाचपैकी साडेतीन. नॉब धड असता तर चार दिले असते. कव्हर स्लिप वेगळ्या घ्याव्या लागतात, बॉक्समधल्या पुरत नाहीत. आणि फिल्मवर दोन्ही बाजूंनी पातळ संरक्षक प्लॅस्टिक असतं ते नखाने सोलून काढा, नाहीतर काळं व्हायच्या ऐवजी रंगीत पट्टे दिसतात आणि वाटतं पीसच खराब आलाय.