ऑइल लाइफ मॉनिटर: नव्या गाडीतल्या त्या टक्क्यांवर किती विसंबावं?

नव्या गाडीच्या मीटरमध्ये 'ऑइल लाइफ 63%' असा आकडा दिसला की इंजिन ऑइल कधी बदलायचं हा जुना प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. आकडा 100 पासून उतरत जातो, 15 च्या आसपास पान्याचं चिन्ह लागतं आणि गाडी सर्व्हिसला टाकायची. दर 5000 किमीला डोळे झाकून ऑइल बदलण्यापेक्षा ही सोय नक्कीच चांगली आहे. आमचं मत आधीच सांगतो. गाडी कशी चालवली गेली याचा हिशेब हा मॉनिटर प्रामाणिकपणे ठेवतो, पण इंजिनात ऑइल किती उरलंय आणि कुठल्या प्रतीचं भरलंय याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे त्याने सांगितलेली वेळ ही शेवटची मुदत समजावी. त्याच्या भरवशावर बॉनेट उघडायचंच सोडून देऊ नये.

बहुतेक गाड्यांत ऑइलमध्ये बुडवलेला, त्याचा कस तपासणारा सेन्सर वगैरे काही नसतो. असतो तो हिशेब. जनरल मोटर्सने 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या प्रणालीचं सूत्र आजही अनेक ठिकाणी दिसतं: इंजिनाचे एकूण फेरे मोजायचे आणि त्या वेळी ऑइलचं तापमान काय होतं त्यानुसार प्रत्येक फेऱ्याचं वजन ठरवायचं. ऑइल योग्य तापमानावर असताना झालेला फेरा स्वस्तात मोजला जातो. थंड इंजिनातला किंवा अति तापलेल्या ऑइलमधला फेरा महागात पडतो. बीएमडब्ल्यूच्या जुन्या प्रणाली जळालेल्या इंधनावरून अंदाज बांधत. मर्सिडीजने काही इंजिनांत ऑइलचा विद्युत गुणधर्म मोजणारा खरा सेन्सर बसवला होता, पण तो सर्रास वापरात आला नाही. हिशेबाची पद्धत नीट बसवलेली असेल तर ती पुरेशी विश्वासार्ह ठरते, हे तितकंच खरं.

अडचण वेगळीच आहे. काही गाड्यांत मॉनिटरच्या नावाखाली निव्वळ किलोमीटर मोजणारा काउंटर असतो. 10,000 किमी किंवा 12 महिने झाले की दिवा लावायचा, एवढंच त्याचं काम. आपल्या गाडीत नेमकं काय आहे हे ओळखायला सोपी चाचणी आहे. साधारण 1000 किमी मुख्यतः हायवेवर चालवून टक्के किती उतरले ते लिहून ठेवा, मग तेवढंच अंतर शहरातल्या थांबत-थांबत जाणाऱ्या रनिंगमध्ये पाहा. दोन्ही वेळा उतार सारखाच आला तर तो काउंटर आहे, आणि तुमचा वापर कठीण असेल तर त्याच्यापेक्षा लवकर ऑइल बदलायला हवं.

कठीण वापर म्हणजे काय, हे मॅन्युअलच्या मागच्या पानांवर दिलेलं असतं आणि तिथेच राहून जातं. 8 किमीपेक्षा लहान फेऱ्या, कडाक्याच्या थंडीत 16 किमीपेक्षा लहान फेऱ्या, तासन्‌तास आयडलिंग, धुळीचा रस्ता, ओझं किंवा ट्रेलर ओढणं, सतत घाट. यातलं काही रोजचं असेल तर अनेक कंपन्या ऑइल बदलाचा अंतराल थेट निम्मा करायला सांगतात. लहान फेऱ्यांचा तोटा लोकांना पटत नाही, कारण गाडी फार चाललेलीच नसते. पण कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, त्याला अजून बराच वेळ लागतो. तोवर सिलिंडरच्या भिंतीवरून उतरलेलं पेट्रोल आणि ज्वलनातून आलेली वाफ ऑइलमध्ये मिसळत राहते. ऑइल 90 अंशांच्या वर काही काळ राहिलं तरच ती उडून जाते. चार किलोमीटरवर गाडी बंद केली की सगळं आतच राहतं. फिलर कॅपच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, सायीसारखा थर दिसतो तो याचाच. नुसता तो थर पाहून घाबरू नये. लांब पल्ल्याच्या फेरीनंतरही तो गेला नाही आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्यावं.

आयडलिंगचं गणितही वेगळं. ओडोमीटर जागचा हलत नाही, इंजिन मात्र फिरत असतं. मोठ्या ताफ्यांच्या देखभालीत एक तास आयडलिंग म्हणजे साधारण 40 ते 50 किमी रनिंग असं धरलं जातं. फेरे मोजणारा मॉनिटर हे बरोबर पकडतो, काउंटरला ते कळत नाही. एसी लावून रोज तासभर उभ्या राहणाऱ्या गाडीत हा फरक वर्षाअखेरीस हजारो किलोमीटरचा होतो.

आता या प्रणालीतली सगळ्यात मोठी उणीव. मॉनिटर 45% दाखवत असताना इंजिनात ऑइल किमान खुणेच्या खाली असू शकतं. नव्या इंजिनात पिस्टन रिंगा बसेपर्यंत पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये ऑइलचा खप थोडा जास्त असतो. 0W-20 ग्रेडचं पातळ ऑइल आणि टर्बो यांची जोडी असेल तर तो नंतरही राहू शकतो. डिपस्टिकवरच्या (ऑइलची पातळी मोजायच्या काडीवरच्या) दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच कारमध्ये साधारण 1 लिटरचं असतं. 10,000 किमीच्या अंतरालात दर 5000 किमीला अर्धा लिटर खर्च झाला, तर सर्व्हिसच्या वेळी तुम्ही तळाच्या खुणेवर असता. संपात (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या पात्रात) एकूण साडेतीन-चार लिटरच असतं, म्हणजे उरलेल्या ऑइलवर तेवढीच काजळी, तेवढंच आम्ल आणि जास्त उष्णता. टक्क्यांचा हिशेब मात्र पूर्ण भरलेल्या संपावर बेतलेला. आणि मीटरमधला लाल कुपीचा दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो लागेपर्यंत ऑइल पंपाने हवा ओढायला सुरुवात केलेली असते आणि बेअरिंग कोरडं पडू लागलेलं असतं. तो दिवा लागला तर पुढचा पेट्रोल पंप गाठायचा विचार न करता गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करावं.

म्हणून दर 1000 ते 1500 किमीला डिपस्टिक पाहावी. गाडी सपाट जागी, इंजिन तापलेलं, बंद करून 5 ते 10 मिनिटं झालेली. काडी काढून पुसायची, पूर्ण खोल घालायची, पुन्हा काढून दोन्ही बाजूंनी बघायची आणि कमी दिसणारी बाजू खरी मानायची. पहिल्यांदा काढलेल्या काडीवर नळीतलं ओघळलेलं ऑइल असतं, तिच्यावर जाऊ नये. टॉप-अप एका वेळी 200 मिलीच करावं, थांबून परत बघावं. कमाल खुणेच्या वर गेलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाने दाब धरत नाही. डिपस्टिकच नसलेल्या गाड्यांत स्क्रीनवर इलेक्ट्रॉनिक पातळी मिळते. तिची अट मॅन्युअलमध्ये वाचूनच मापन घ्यावं, कारण काहींत इंजिन चालू असावं लागतं, काहींत बंद.

पातळी कमी होण्यापेक्षाही वाढणं जास्त चिंतेचं, आणि हेही बऱ्याच मॉनिटरांना दिसत नाही. डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही रिंगांवरून खाली संपात उतरतं. ही सफाई, म्हणजे रिजनरेशन, पूर्ण व्हायच्या आधीच गाडी वारंवार बंद केली तर हा प्रकार वाढत जातो. डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बो पेट्रोल इंजिनात थंडीच्या दिवसांत आणि लहान फेऱ्यांत असंच होतं. काडीवर पातळी कमाल खुणेच्या वर आणि वासाला इंधन, असं दिसलं की टक्के काहीही असोत, ऑइल बदलावं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगवर पुरेसा थर धरत नाही.

मॉनिटरचा हिशेब मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीच्या ऑइलवर बेतलेला असतो. 0W-20 फुल सिंथेटिक सांगितलं असताना साधं मिनरल भरलं, तरी आकडा त्याच संथ गतीने उतरेल आणि ऑइल मात्र अर्ध्या वाटेत दमलेलं असेल. डब्यावर ग्रेडपेक्षाही (0W-20 सारख्या घट्टपणाच्या आकड्यापेक्षाही) दर्जा आधी बघा, म्हणजे एपीआय, एसीईए अशा संस्थांचं मानक. पेट्रोल गाडीला 'एपीआय एसपी' (2020 पासून) किंवा त्यानंतरचा 'एसक्यू' (2025 पासून) चालतो. या दर्जांच्या चाचण्यांमध्ये टर्बो इंजिनातलं अवेळी ज्वलन आणि टायमिंग चेनची झीज दोन्ही येतात. डीपीएफ असलेल्या डिझेलला कमी राखेचं, 'एसीईए सी' गटातलं ऑइल लागतं. जास्त राखेचं भरलं तर ती राख फिल्टरमध्ये कायमची साचते, जाळून निघत नाही. उलट बाजूने, महागातलं ऑइल भरलं म्हणून अंतराल ओढून लांबवण्यातही अर्थ नाही. धूळ, इंधन आणि काजळी डब्याची किंमत बघून येत नाहीत.

पहिल्या ऑइल बदलाबद्दल सगळ्यात जास्त वाद होतात. जुन्या पठडीतले मेकॅनिक 1000 किमीला ऑइल काढायला सांगतात. कारच्या बाबतीत आम्ही मॅन्युअलच्या बाजूने आहोत. आजच्या इंजिनांचं होनिंग (सिलिंडरच्या भिंतीची घासाई) आणि सफाई पूर्वीपेक्षा कितीतरी सरस असते, आणि होंडासारख्या काही कंपन्या कारखान्यात भरलेलं ऑइल वेळेआधी काढू नका असं स्पष्ट सांगतात. मात्र मॅन्युअलने 1000 किंवा 1500 किमीला बदल लिहिला असेल तर तो चुकवू नये. मॉनिटर तेव्हा 90% दाखवत असेल, त्याकडे बघू नका. मोटारसायकलचं प्रकरण वेगळं. तिथे बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, गिअरच्या दातांमधून धातूचा कीस सुरुवातीला भरपूर निघतो आणि ऑइलमधल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या तिथेच चिरडल्या जातात. म्हणून 500 ते 1000 किमीचा पहिला बदल तिथे खरोखर गरजेचा आहे. ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचला 'जासो एमए' किंवा 'एमए2' हे मोटारसायकल ऑइलचं मानक लिहिलेलंच ऑइल हवं, कारचं घर्षण कमी करणारं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

त्यानंतरचं आमचं मोजमाप असं. साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आणि मिश्र रनिंग असेल तर मॉनिटर सांगेल तेव्हा, पण 10,000 किमी किंवा 12 महिन्यांच्या पुढे नाही. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला शहरात 7000 ते 8000 किमी पुरे. कंपनीने 15,000 लिहिलं असेल आणि वापर बहुतांश हायवेचा असेल तरच तिथवर जावं. वर्षाला 3000 किमी चालणाऱ्या गाडीतही वर्षातून एकदा बदल हवाच. हायब्रिडमध्ये इंजिन अधूनमधून सुरू-बंद होत असल्याने ऑइल थंडच राहतं, तिथे किलोमीटरपेक्षा वर्षाची अट महत्त्वाची.

रिसेटबाबत मॉनिटरची रचना आम्हाला पसंत नाही. ऑइल बदललं की नाही हे त्याला माहीत नसतं, बटण दाबलं की तो 100 वर येतो. जनरल मोटर्सच्या बऱ्याच मॉडेलांत इग्निशन ऑन ठेवून, इंजिन सुरू न करता, पाच सेकंदांत तीनदा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी रिसेट होतो. नुसता टॉप-अप करून रिसेट करणं ही नेहमी होणारी चूक, आणि बदल करून रिसेट विसरणं ही दुसरी. यावर उपाय म्हणजे तारीख, ओडोमीटर, ऑइलचा दर्जा आणि भरलेले लिटर बॉनेटखाली स्टिकरवर लिहून ठेवणं, आणि बिल जपणं. वॉरंटीचा प्रश्न आला की हीच नोंद कामाला येते.

बदलाच्या वेळी फिल्टर दरवेळी नवा घ्यावा, जुन्यात पाव लिटरच्या आसपास घाण ऑइल राहतं. फिरवून बसवायच्या (स्पिन-ऑन) फिल्टरच्या रबरी रिंगेला नवं ऑइल लावायचं, रिंग टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा. पाना लावून आवळला तर पुढच्या वेळी निघत नाही. जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना हे बोट फिरवून बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या की सुरू करताक्षणी ऑइल बाहेर फेकलं जातं. ड्रेन प्लगचा वॉशर नवा, आणि टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. अ‍ॅल्युमिनियमच्या संपात जोर केला की आटे जातात.

ज्यांना अंतरालाबद्दल ठाम उत्तर हवं आहे त्यांनी वापरलेल्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. गरम ऑइल काढताना पहिली धार सोडून मधल्या धारेतून सुमारे 100 मिली नमुना घ्यायचा. 5W-30 ची 100 अंशांवरची श्यानता (घट्टपणा) 9.3 सेंटिस्टोक्सच्या (श्यानतेचं एकक) खाली गेली असेल तर ते ग्रेडबाहेर गेलं आणि अंतराल कमी करायला हवा. नव्या इंजिनाच्या पहिल्या अहवालात सिलिकॉन आणि तांबं जास्त येतं. सिलिकॉन जोडांवरच्या सीलंटमधून येतं, तांबं बऱ्याचदा ऑइल कूलरमधून, आणि दोन्ही पुढच्या दोन-तीन बदलांत उतरतात. सिलिकॉन उतरलंच नाही तर एअर फिल्टरचं बसणं तपासा, धूळ आत जात असेल. आणि सोडियम किंवा पोटॅशियम वाढत चाललं असेल तर बहुधा कूलंट ऑइलमध्ये शिरतंय. अशा वेळी ऑइल लवकर बदलून भागणार नाही, आधी गळती शोधावी लागेल.