हिरवा विलेमाइट की केशरी सोडालाइट?

दोन्ही खनिजे सिलिकेटच, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन असलेली, पण अतिनील दिव्याखाली दोघांचा थाट वेगळा. एकच घ्यायचा तर मी डोळे झाकून विलेमाइट घेईन. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिलच्या जस्ताच्या खाणींतला हा दगड साध्या उजेडात अगदीच मातकट. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा (आखूड लहरींचा) अतिनील दिवा लावला की झगझगीत हिरवा पेटतो. करामत जस्ताच्या जागी शिरलेल्या किंचितशा मँगनीजची. त्याच दगडातला कॅल्साइट (दुसरे एक खनिज) त्याच वेळी लालभडक होतो आणि दगडावर हिरवी-लाल नक्षी उमटते. काही तुकडे तर दिवा बंद केल्यावरही थोडा वेळ उजळत राहतात.

सुपीरिअर सरोवराच्या मिशिगनकडच्या किनाऱ्यावरचा सोडालाइट करड्या गोट्यांत दडलेला असतो. ३६५ नॅनोमीटरच्या (लांब लहरींच्या) अतिनील टॉर्चखाली तो निखाऱ्यासारखा केशरी दिसतो. इथे कारण गंधकाचे.

खिशाला मात्र सोडालाइटच परवडतो, कारण टॉर्च स्वस्तात मिळते. २५४चा दिवा महाग, त्याला खास फिल्टर हवा, आणि संरक्षक चष्म्याशिवाय तो लावूच नये. शिवाय विलेमाइट काचेच्या कपाटात ठेवून बाहेरून दिवा मारलात तर ढिम्म काही दिसणार नाही. साधी काच हे किरण अडवते.