दोन देशांचं पेन्शन लावून देणारी सल्लागार कंपनी: 5 पैकी 2 स्टार

मी 12 वर्षं ब्रिटनमध्ये नोकरी केली आणि 2000 पासून अमेरिकेत आहे. मार्च 2025 मध्ये मला 66 पूर्ण झाली, म्हणजे ब्रिटनचं स्टेट पेन्शन सुरू व्हायचं वय झालं. अमेरिकेत मात्र 1959 च्या जन्माला सरकारी पेन्शनची पूर्ण रक्कम 66 वर्षं 10 महिन्यांनी मिळते. दोन देश, दोन वयं, दोन ठिकाणचे फॉर्म, मला काही सुचेना म्हणून जानेवारीत एका सल्लागार कंपनीला साडेतीनशे पाउंड भरले. नाव देत नाही.

आधी चांगलं सांगतो. कागदपत्रांची यादी त्यांनी छान करून दिली, जुना नॅशनल इन्शुरन्स नंबर (ज्यावर ब्रिटनमधली पेन्शनची वर्गणी जमा होते) पी60 वर, म्हणजे नोकरीतल्या वर्षाच्या पगार-कराच्या कागदावर सापडेल हे त्यांनीच सांगितलं आणि तो खरंच तिथेच सापडला, त्यामुळे एक स्टार जास्त दिला.

पण मुख्य काम बिघडवलं. 2006 ते 2018 मधली रिकामी, म्हणजे वर्गणी न भरलेली वर्षं पैसे देऊन भरून घ्यायची खास मुभा होती ती 5 एप्रिल 2025 ला संपली, त्यानंतर फक्त मागची सहाच वर्षं भरता येतात. ब्रिटनमध्ये नोकरी करून थेट परदेशात कामाला गेलेल्यांना क्लास 2 चा, म्हणजे स्वतःहून भरायच्या वर्गणीचा स्वस्त दर लागू शकत होता, तो आठवड्याला चार पाउंडांच्याही आत होता. आणि 2016 नंतरचं एक वर्ष भरलं की पेन्शन 2025 च्या हिशेबाने आठवड्याला साधारण साडेसहा पाउंडांनी वाढत होतं, तेही आयुष्यभर. हे ज्याला माहीत आहे त्याने पहिल्याच फोनवर ओरडून सांगायला हवं ना? त्यांचा रिपोर्ट आला 9 एप्रिलला! मुदत संपायच्या आत ‘मला फोन करा’ अशी विनंती ब्रिटनच्या सरकारी साइटवर नुसती नोंदवून ठेवली असती तरी नंतर पैसे भरता आले असते, पण तेही कुणी बोललं नाही. याचा मला अजून त्रास होतो, कारण मी पैसे भरायला तयार होतो.

दुसरं म्हणजे रिपोर्टात लिहिलं होतं की ब्रिटनचं पेन्शन घेतलंत तर अमेरिकेचं कापलं जाईल, म्हणून ते सध्या घेऊ नका. ही कपात पूर्वी होती हे खरं, विंडफॉल एलिमिनेशन म्हणतात तिला, पण 5 जानेवारी 2025 ला सही झालेल्या कायद्याने ती रद्द झाली आणि जानेवारी 2024 पासूनच्या रकमांना हे लागू आहे. माझी बायको रात्री सोशल सिक्युरिटीच्या (अमेरिकेचं सरकारी पेन्शन देणाऱ्या खात्याच्या) साइटवर वाचत बसली होती, तिला हे दिसलं म्हणून वाचलो.

मग बाकीचं आम्हीच केलं. ब्रिटनचं पेन्शन आपोआप येत नाही, मागावं लागतं, वयाच्या चार महिने आधीपासून मागता येतं, आणि उशीर झाला तर 12 महिन्यांपर्यंत मागचं मिळतं, म्हणून जूनमध्ये अर्ज पाठवला तरी मार्चपासूनचे पैसे धरले. फॉर्म ब्रिटन सरकारच्या इंटरनॅशनल पेन्शन सेंटरचा आहे, फुकट आहे, सोबत बँकेची माहिती लागते, दर 4 किंवा 13 आठवड्यांनी पैसे अमेरिकेतल्या खात्यात घेता येतात. अमेरिकेत राहणाऱ्यांचं हे पेन्शन दर वर्षी वाढतं, पण भारतात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात राहायला गेलात तर आहे तिथेच गोठतं, परत जायचा विचार असेल त्यांनी हे आधी बघा.

ज्यांची ब्रिटनमध्ये 10 वर्षं भरत नाहीत किंवा अमेरिकेत 40 क्रेडिट (साधारण 10 वर्षांचं काम) नाहीत त्यांनी पण लगेच हार मानू नका, दोन देशांचा 1985 पासूनचा करार आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं एकत्र धरून पात्रता ठरवता येते. रक्कम मात्र ज्या त्या देशातल्या कामापुरतीच.

फीचे अर्धे पैसे परत मागितले आहेत, दोन मेल गेले, अजून उत्तर नाही. आलं की इथेच लिहीन.