व्हर्च्युअल डेस्कटॉप: लॅपटॉपवर की सर्व्हरवर?

एका सहकाऱ्याने विचारलं, जुनं सॉफ्टवेअर चालवायला प्रत्येकाच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक) टाकू, की सगळ्यांचे डेस्कटॉप सर्व्हरवर, म्हणजे एका मध्यवर्ती संगणकावर ठेवून नेटवर्कवरून वापरू?

खर्चात लॅपटॉप सरस. व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२४ पासून ऑफिसच्या वापरालाही मोफत आहे. तसंच काम करणारं व्हर्च्युअलबॉक्सही मोफत, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींची जोडणी) ऑफिसात वापरायचा तर परवाना विकत घ्यावा लागतो. ही अट आधी वाचाच. सर्व्हरकडे गेलात की यंत्र, स्टोरेज, विंडोजचे वेगळे परवाने असं सगळंच आलं.

वेगाचं म्हणाल तर रॅम बघा. विंडोज ११ला किमान ४ जीबी लागते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर मूळ सिस्टीम आणि व्हर्च्युअल मशीन, दोघांचीही उपासमार होते. सर्व्हरवर हा त्रास नाही, पण नेटवर्क मंदावलं की टाइप केलेलं अक्षर क्षणभराने उमटतं. दिवसभर तसं काम करणं खरंच थकवतं.

देखभालीत मात्र सर्व्हरच. अपडेट एकाच जागी, आणि लॅपटॉप हरवला तरी डेटा सुरक्षित.

दोन-चार जण, टेस्टिंग किंवा प्रवासातलं काम असेल तर लॅपटॉप. टीम मोठी, डेटा गोपनीय आणि सांभाळायला जाणकार माणूस असेल, तरच सर्व्हर.